‘येते’ म्हणावं की ‘जाते’?

पत्र लिहिणारी २६ वर्षांची आहे. मूळ गाव वाईजवळ, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. ती सोडून तुळशीच्या लग्नानंतर सहा महिन्यांसाठी नेपाळला निघाली आहे. पोखराजवळच्या एका बालगृहात राहायचं, मुलांना शिकवायचं. खर्चाचे पैसे तिने साठवले आहेत. अडलंय ते निरोपापाशी. गावी ८४ वर्षांची आजी आहे. आई म्हणते, तिला खरं सांगू नकोस, ‘दिल्लीला ट्रेनिंग आहे’ एवढंच सांग. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले वडील एकच वाक्य बोलतात, ‘इथे मुलं नाहीत का?’ आईने तर साठ माणसांचं जेवण ठरवून टाकलंय. आणि दोन वर्षं दर रविवारी ती ज्या १४ मुलांना शिकवते, बांधकामाच्या साइटवरच्या मजुरांच्या मुलांना, त्यांच्याकडे जाणं काही न सांगता थांबवावं असं तिच्या मनात आहे. ‘आधीची ताई सांगून गेली तेव्हा मुलं इतकी रडली की तासाचा विचका झाला. मला ते बघवणार नाही. हळूच निघून गेलेलं बरं ना?’ हा तिचा प्रश्न.

तुला ‘तू’च म्हणते. माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आजी लक्षात राहिली. दुसऱ्यांदा तू ओझरतं लिहिलेलं एक वाक्य. सहा महिन्यांनी मी निघेन तेव्हा मुलांचं काय, असं तू बालगृहाच्या समन्वयकांना फोनवर विचारलंस आणि ते म्हणाले, ‘काळजी करू नका, इथल्या मुलांना सवय आहे.’ तुला हायसं वाटलं. मला नाही वाटलं. त्याकडे वळेनच, आधी रविवारची मुलं.

मी सहा-सात वर्षांची असताना आमच्याकडे एक लांबची मावशी राहायची, डी.एड. करायला आलेली. माझी वेणी तीच घालायची. तिचं शिक्षण संपलं त्या दिवशी मला कोपऱ्यावरच्या दुकानात खडीसाखर आणायला पाठवलं. परत आले तर तिची ट्रंक नव्हती आणि तीही नव्हती. ‘तू रडली असतीस ना बाळा,’ आई म्हणाली. रडले मी तरीही, फक्त एकटी. पुढे कितीतरी महिने मला कुणी दुकानात जा म्हटलं की मी जागची हलायचे नाही. घरच्यांना वाटलं, पोरगी आळशी झाली. दुकानात गेलं की घरातलं माणूस नाहीसं होतं, हा माझा हिशेब त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही.

‘मुलं रडतात म्हणून’ हे कारण मोठ्या माणसांनी फार जुन्या काळापासून वापरलं आहे. १९५०च्या सुमारास ब्रिटनमधल्या पुष्कळ रुग्णालयांत दाखल असलेल्या लहान मुलांना आईवडिलांनी भेटायचं ते मोजक्या ठरलेल्या वेळी, आणि काही ठिकाणी तेवढंही नाही. का, तर आई भेटून गेली की मूल आकांत मांडतं. भेट झालीच नाही तर कसं शहाण्यासारखं गप्प राहतं. जेम्स रॉबर्टसन हे मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बींसोबत काम करणारे गृहस्थ वॉर्डात बसून बघत राहिले. त्यांना दिसलं की ते गप्प मूल सावरलेलं नसतंच. आधी ते आकांत करतं, मग आशा सोडतं, आणि शेवटी आई समोर आली तरी तिच्याकडे पाठ फिरवतं. ही शेवटची पायरी वॉर्डातल्या माणसांना ‘रुळलं आता’ अशी दिसत होती. १९५२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले दिवस चित्रित करून डॉक्टरांना दाखवले, तर बरेच डॉक्टर त्यांच्यावरच उखडले. १९५९ मध्ये मात्र तिथल्या सरकारी समितीने भेटीवरचे निर्बंध उठवायची शिफारस केली.

तुझी मुलं सात ते बारा वर्षांची. तू त्यांची आई नाहीस आणि रविवारचे दोन तास म्हणजे रुग्णालयातला मुक्काम नव्हे, तेव्हा तुलना फार ताणत नाही. पण रडणं दिसलं नाही म्हणजे दुखलं नाही, ही समजूत तीच आहे.

शिवाय हळूच निघून जाण्याने मागे राहणाऱ्याचं काय होतं, हे तूच पत्रात लिहिलं आहेस. गेल्या वर्षी तुझ्या वर्गातली दोन भावंडं एका रविवारी आलीच नाहीत. साइट संपली, मुकादमाने माणसं रातोरात दुसरीकडे हलवली. त्यांच्या वह्या अजून तुझ्या कपाटात आहेत. टाकवत नाहीत ना? या मुलांचं तर सगळं तसंच चाललेलं असतं. कुणी नांदेडकडून येतं, कुणी कलबुर्गीकडून. शाळेत नाव लागून बाकावर जागा मिळेपर्यंत आईबापाचं काम संपतं. न सांगता तुटलेली माणसं त्यांच्यापाशी भरपूर आहेत, त्यात आणखी एकीची भर नको.

आणि आपल्या मुलांना निरोप झेपत नाही असं कुणी सांगितलं? नुकतेच गणपती गेले. दीड दिवसाचा, पाच, सात की दहा, हे मूर्ती घरात यायच्या आधी शेंडेफळालासुद्धा ठाऊक असतं. शेवटची आरती होते, मूर्तीच्या हातावर दही ठेवतात, एखादं पोर घाटावर भोकाड पसरतं. त्याला कुणी खडीसाखर आणायला पाठवत नाही. रिकामा पाट घरी येतो, त्यावर नदीची चिमूटभर वाळू असते. पोर रडलं म्हणून विसर्जनाचा विचका झाला असं आपण म्हणत नाही. मग तुझ्या तासाचाच कसा झाला?

आधीच्या ताईने नेमकं केव्हा सांगितलं होतं, हे आठवून बघ. मला दाट शंका आहे की शेवटच्या दिवशी, शेवटच्या दहा मिनिटांत, चप्पल घालता घालता. त्याला निरोप म्हणत नाहीत, ती बातमी झाली.

तुझ्या हाती नऊ रविवार आहेत. दिवाळीचे दोन सोड, मुलं गावी जातात. राहिले सात. येत्या रविवारीच सांग, आणि तासाच्या सुरुवातीला सांग, म्हणजे प्रश्नांना वेळ राहील. साधं सांगायचं: मी नेपाळला चालले आहे. आजचा धरून सात रविवार येईन. शेवटचा अमुक तारखेला. नंतर दुसरा दादा किंवा ताई येईल. आणि एक वाक्य विसरू नकोस: ‘मी चालले ते तुमच्यापैकी कुणामुळे नाही.’ आपल्याला हे सांगायची गरजच वाटत नाही. पण ज्याला तू मागच्या आठवड्यात रागावलीस, तो मनातल्या मनात तेच गणित मांडून बसलेला असतो.

भिंतीवर कालनिर्णयाचं पान लाव आणि दर वेळी एकेका मुलाला त्यावर फुली मारू दे. तुझ्या जागी येणारं माणूस शेवटच्या तीन रविवारी तुझ्यासोबत हवं: एका रविवारी त्याने मागे बसायचं, पुढच्या रविवारी निम्मा तास घ्यायचा, आणि तिसऱ्या रविवारी मागे तू बसायचंस. असं माणूसच मिळालं नसेल तर निघायच्या खटपटीतलं ते पहिलं काम समज, बॅग नंतर. मधेच कुणी तरी यायचं बंद करेल. कुणी तुझ्या वहीवर रेघोट्या ओढेल. ‘जा ना मग, कोण अडवतंय’ असंही ऐकशील. हे उर्मटपणाचं लक्षण नाही, पण तू त्या दिवशी घरी येऊन रडशील, ते मात्र होईलच. मुलांसमोर डोळे भरून आले तर येऊ देत. फक्त तुझी समजूत काढायची पाळी त्यांच्यावर आणू नकोस.

शेवटच्या दिवशी महागडं काही वाटू नकोस. प्रत्येकाला एक वही दे आणि पहिल्या पानावर त्या मुलाबद्दल फक्त तुलाच दिसलेली एक गोष्ट लिही. ‘तू हुशार आहेस’ हे नको. ‘तू सातचा पाढा उलटा म्हणतोस आणि मधेच हसतोस’ हे चालेल. आणि त्या दिवशीचे मुलांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, हे तू जाणतेसच, तरी लिहिते.

आता शब्दाचं. आपल्याकडे ‘जाते’ म्हणायची सोयच नाही. उंबऱ्यात ‘जाते’ म्हटलं की आतून आवाज येतो, ‘जाते काय, येते म्हण.’ मोठ्यांमध्ये ते शोभतं, कारण हा शब्द शकुनाचा आहे हे दोन्हीकडे ठाऊक असतं. मूल तो शब्दशः ऐकतं. ‘येते हं’ म्हणून गेलेल्या ताईची ते पुढच्या रविवारी पत्र्याच्या शेडपाशी वाट बघतं, त्याच्या पुढच्याही. तू मे महिन्यात परतशील तेव्हा त्या साइटवर यातली किती मुलं उरलेली असतील? म्हणून या १४ जणांपुरती रीत मोड. ‘जाते’ म्हण. पुन्हा भेट होईल का, असं विचारलं तर ‘मला ठाऊक नाही, झाली तर फार आवडेल’ म्हण. वचन द्यायचंच तर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्या दादाच्या फोनवर एक व्हॉइस मेसेज, एवढंच दे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करीन असं आज तुला मनापासून वाटेल. तिकडे वीज जाईल, तुला ताप येईल, आणि मुलं फोनभोवती बसून राहतील.

नेपाळीतही निरोप घेताना ‘फेरि भेटौंला’ म्हणतात, पुन्हा भेटू. तिथे तू ‘दिदी’ होशील आणि सहा महिन्यांनी हाच पेच तुझ्यासमोर पुन्हा येईल, पण तेव्हाच्या मुलांची कातडी आणखी पातळ असेल. इथे मला समन्वयकांचं ते वाक्य टोचतं. मुलांना सवय आहे, पण कशाची? दर दोन-चार महिन्यांनी एक नवी दिदी येते, मांडीवर घेते, गाणी शिकवते, रडते आणि निघून जाते, याची. पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं मूल आपल्याला गोड वाटतं. संस्थांत वाढलेल्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, आणि बालमानसशास्त्राचे जाणकार त्याला लाघवीपणा समजत नाहीत. आपलं कोण आणि परकं कोण यातली रेघ पुसट झाल्याची ती खूण असते.

नेपाळच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ असं सांगून मुलं आणली. आईबापांनी त्यासाठी पैसे मोजले, आणि शहरात ती मुलं अनाथ म्हणून दाखवली गेली. २०१५च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं की नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, दोघांपैकी निदान एक, हयात आहेत. कंबोडियातल्या बालगृहांचा अभ्यास झाला तेव्हाही चारातल्या जवळपास तीन मुलांच्या बाबतीत हेच निघालं. आणि नेपाळमधली ही बालगृहं एकवटली आहेत कुठे? काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात, चितवनला. म्हणजे पर्यटक जिथे जातात तिथेच. चांगल्या मनाने आलेल्या पाहुण्यांचा पैसा मुलांना घरापासून लांब ठेवायला कारण होऊ शकतो, हे वाचून तुला वाईट वाटेल. वाटू दे.

तुझी संस्था तशीच असेल असं अजिबात नाही. पण तिकीट काढण्याआधी विचार: या मुलांचे आईवडील कुठे आहेत, मुलं त्यांना वर्षातून किती वेळा भेटतात, ती घरी परत जावीत म्हणून संस्था काय करते. नेपाळच्या राष्ट्रीय बाल अधिकार परिषदेच्या नियमांप्रमाणे सगळी कागदपत्रं आहेत का. रोजची आंघोळ-जेवण बघणारी कायमची माणसं किती आणि ती किती वर्षांपासून आहेत. गेल्या वर्षभरात किती स्वयंसेवक आले आणि प्रत्येक जण किती दिवस राहिला. तुझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला का? मागितला नसेल तर एका कागदाची खटपट टळली म्हणून खूश होऊ नकोस. तुला न तपासता मुलांजवळ सोडणारे पुढच्या माणसालाही तसंच सोडतील. या प्रश्नांनी समोरचा वैतागला, तर उत्तर मिळालं असं समज. चांगली संस्था उलट तुलाच चार प्रश्न विचारेल.

उत्तरं समाधानाची आली तरी काम बदलून घेता येतं का बघ. मुलं रात्री आपापल्या घरी जातात अशी शाळा तुझ्यासाठी जास्त बरी. ती नाही जमली तर बालगृहातच, पण तिथल्या शिक्षकांसोबत: त्यांना संगणकावर नोंदी ठेवायला शिकव, गणिताचे तास बसवून दे. टेस्टिंगवाली आहेस, चुका हुडकायची तुला सवय आहे. तू गेल्यावर मागे राहील असं काम ते. मांडीवर घेणं तिथल्या कायमच्या बाईकडे राहू दे. तुला ते कोरडं वाटेल, कारण तुझ्या पत्रात ‘मुलांना माया देणार’ असं तीन वेळा आलंय. माया देऊन सहा महिन्यांनी ती काढून घेणं परवडणार आहे का, आणि कुणाला, याचा विचार कर.

(एक किरकोळ पण महत्त्वाचं: भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. विमानतळावर हे कळणारे दर वर्षी कुणी ना कुणी असतातच.)

बाबांचं ‘इथे मुलं नाहीत का?’ हे वाक्य तुला टोमण्यासारखं लागलंय. मेळघाटात आहेत, ऊसतोडीच्या फडावर आहेत, आणि तुझ्या रविवारच्या वर्गात तर आहेतच. दोन वर्षं तू त्यांनाच शिकवलंस, बाबांना ते दिसलेलं आहे. वाद घालू नकोस. त्या वाक्यातला ‘मुलं’ शब्द काढून तिथे ‘आम्ही’ घालून वाच. मग त्यांना काम दे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला संस्थेचे नोंदणीचे कागद आणि लेखापरीक्षणाचे अहवाल वाचायला दे, वरचे प्रश्न त्यांनाच फोनवर विचारू दे. खोट असली तर ते तुझ्याआधी पकडतील. नसली, तर ‘मी तपासलंय’ असं साठ माणसांना तेच सांगतील.

त्या साठ माणसांच्या जेवणाला नाही म्हणू नकोस. ते तुझ्यासाठी नाहीच, आईसाठी आहे. मुलगी निघालेली असताना तिला हात रिकामे ठेवायचे नाहीत. कुणी ‘समाजसेविका’ म्हणालं तर ‘काय जमतंय ते परत आल्यावर सांगते’ म्हण आणि वाढायला उभी राहा.

राहिली आजी. ‘तिला सहन होणार नाही’ असं आई म्हणते. मला वाटतं, आजीला सांगताना जी पाच मिनिटं जातील ती आईला सहन होणार नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या ८४ वर्षांच्या बाईला निरोप काही नवा नाही. गावोगावची माणसं मुंबईच्या गिरणीत गेली, मिलिटरीत गेली, ती एसटीला सोडून आलेल्या बायका या. ‘दिल्लीचं ट्रेनिंग’ तुझ्या एखाद्या चुलतभावाच्या तोंडून आठवड्यात फुटेल, आणि मग नात लांब गेल्यापेक्षा नातीने मला वगळलं हे तिला जास्त लागेल. माझ्या खडीसाखरेसारखंच, फक्त उलट्या वयात.

म्हणून गावी जा, चार रात्री राहा आणि पहिल्याच संध्याकाळी सांग. देवाधर्माची असेल तर काठमांडूला पशुपतीनाथ आहे हेही सांग; मग तुला थांबवण्याऐवजी तुझ्याकडून रुद्राक्ष मागवण्यातच ती गुंतेल असा माझा अंदाज आहे. न विचारलेला प्रश्न मात्र तुमच्या दोघींच्या मधे बसलेला असेल: मी तिकडे असताना तिचं काही झालं तर? तो भावासोबत आधीच बोलून ठेव. लगेच कळवायचं, लपवायचं नाही, परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवायचे. अंत्यविधीला पोचणं बहुधा होणार नाही, दहाव्याला होईल. हे शब्द लिहितानाही जड जातात, पण विमानतळावर एकटीने ठरवण्यापेक्षा आज घरात बसून ठरवलेलं बरं. आणि आजीनेच हा विषय काढला तर ‘असं बोलू नकोस गं’ म्हणून तिचं तोंड बंद करू नकोस. तिला काही सांगायचं असेल.

निघताना तिने हातावर दही घातलं की तिला मात्र खुशाल ‘येते’ म्हण. तिला त्याचा अर्थ कळतो.

पोचलीस की पहिला फोन तिला कर. ती आठला झोपते असं तू लिहिलं आहेस. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, तेव्हा तिकडे सव्वाआठ वाजायच्या आत.